ओझं अस्तराला, मिरवणं चंदेरीला

पत्र: ताई, आजीची चंदेरी नऊवारी आईकडून माझ्याकडे आली. मोतिया रंग, अंगभर जरीची बारीक बुट्टी, दोन्हीकडे राणी रंगाचा चार इंची काठ. घडीवर तीन ठिकाणी विरली आहे, म्हणून नेसता येत नाही. मार्गशीर्षात धाकट्या भावाचं लग्न आहे, तेव्हा हिचा अस्तराचा लांब स्कर्ट शिवून घालावा असं मनात आलं. सहा कळ्यांचा, म्हणजे वर अरुंद आणि खाली रुंद अशा सहा तुकड्यांचा, करायला घेतला. पदराच्या बाजूने दोनच कळ्या कापल्या आणि कडेने धागे सुटायला लागले ते थांबेचनात. तरी जोडायला घेतल्या, तर मशीनने कापड आत ओढून गिळलं. मशीन झिगझॅगची आहे, दोन वर्षांपूर्वी घेतलेली. आमचे शिंपी म्हणतात, हे टिकायचं नाही. आई म्हणते, वाटोळं केलंस. कडांवरून मेणबत्ती फिरवू का? अस्तर सॅटिनचं घेऊ का? की आता सगळं बोचक्यात बांधून माळ्यावर टाकू, आजीच्या हातमशीनशेजारी? कंबर ३४, सीट ४०, स्कर्टची उंची ४० हवी. परकर, ब्लाऊज, फ्रॉक घरीच शिवते, पण हे कापड काही हाताशी येत नाही.
(साताऱ्याहून एक वाचक)

ताई,

आईंना सांगा, वाटोळं झालेलं नाही. दोन कळ्या गेल्या, बाकी साडी शाबूत आहे. नऊवारी म्हणजे नऊ वार, जवळजवळ सव्वाआठ मीटर कापड. त्यातलं तुम्हाला धड हवं आहे पावणेतीन मीटर. ते मिळालं नाही तर मी कात्री ठेवून देईन.

तुमच्या शिंपीदादांचंही चुकलं नाही. त्यांनी विचार केला तो नुसत्या चंदेरीचा. शिवण घालायची चंदेरीवर, पट्टा ओढायचा तो चंदेरीला, मांडी घालून पंगतीला बसलं की ताण यायचा तो चंदेरीवर. असा स्कर्ट खरोखरच टिकत नाही. म्हणून या कापडाकडून काम करून घ्यायचंच नाही. ओझं सगळं आतल्या सुती कापडांनी वाहायचं आणि चंदेरीने त्यांच्या खांद्यावर बसून मिरवायचं. पुढे मी जे जे सांगणार आहे ते या एका गोष्टीसाठी आहे.

धागे का सुटतात ते आधी बघू, म्हणजे मेणबत्तीचा विषय मिटेल. चंदेरीचं रेशीम कच्चं असतं. इतर रेशमाला सोडा-साबणात उकळून त्याच्यावरचा नैसर्गिक डिंक काढून टाकतात, चंदेरीत तो तसाच ठेवतात. तिचा तो काचेसारखा पारदर्शकपणा आणि कुरकुरीत उभेपणा त्या डिंकाचाच. पण असा धागा गुळगुळीत असतो, त्याला सुतासारखी लव नसते, त्यामुळे शेजारच्या धाग्याला धरून राहायचं त्याला माहीतच नाही. कड कापली की तो सरळ निघून जातो. मेणबत्तीने बंद होतात त्या नायलॉन-पॉलिस्टरच्या कडा, कारण ते वितळतं आणि गोठतं. रेशीम वितळत नाही, जळतं. केस जळल्याचा वास येईल, कड काळी होईल आणि धागे निघायचे ते निघतीलच. कापलेल्या कळीतून एक उभा आणि एक आडवा धागा ओढा आणि दोन्ही चिमट्यात धरून वेगवेगळे जाळून बघा. केसांचा वास आला तर रेशीम, कागदाचा आला तर सूत. बऱ्याच चंदेऱ्यांत ताणा, म्हणजे साडीच्या लांबीचे धागे, रेशमाचा आणि बाणा, म्हणजे रुंदीचे धागे, सुताचा असतो. तुमची तशी निघाली तर आपल्या पथ्यावर पडेल, ते कसं ते खाली येईलच.

या डिंकामुळेच आणखी एक पथ्य: साडी शिवण्याआधी 'जरा स्वच्छ करू' म्हणून गरम पाण्यात, पावडरमध्ये बुडवू नका. डिंक गेला की ती चंदेरी राहत नाही, ओल्या रुमालासारखी गळून पडते. फार मळली असेल तर ड्रायक्लीन करा, नाहीतर दोन दिवस सावलीत वाऱ्यावर टाका. माझ्या मते जुन्या साडीला तेवढं पुरतं.

आता धडका भाग शोधायचा. जुना फॉल असेल तर तो ओढून काढू नका, दर तिसरा टाका कापत चला, दोरा आपोआप सुटतो. मग दिवसाउजेडी खिडकीसमोर दोघींनी साडी आडवी धरा आणि हातभर हातभर पुढे सरकवा. जिथे विरली आहे तिथे उजेड वेगळा दिसतो, जाळीसारखा. दिसायला ठीक वाटतंय तिथेही दोन अंगठे शेजारी ठेवून कापड हलकेच ताणून बघा, उभं आणि आडवं. कुरकुर ऐकू आली किंवा धागे सरकून फट पडली तर तो भाग नको. नऊवारीची झीज कासोट्याला आणि बसायच्या जागेवर जास्त होते. पदर आणि त्याच्या अलीकडचं कापड बहुधा उत्तम राहिलेलं असतं. घडीच्या रेघा तुम्हाला माहीतच आहेत. सलग पावणेतीन मीटर मिळालं तर सोन्याहून पिवळं. नाही मिळालं तर दोन तुकडे घ्या, जोड चुणीच्या आत लपवू. एखादी बोटभर चीर मध्ये आली तरी घाबरू नका, तिचंही तेच.

आणि हो, कळ्या नाहीत. तुमची खरी चूक काही असेल तर ती कापड धरण्यात नाही, कळ्या निवडण्यात झाली. कळी तिरकी कापली जाते. तिरकी कड उरेबाकडे, म्हणजे कापडाच्या तिरक्या दिशेला, झुकते, हाताळताना ताणली जाते आणि आकार सोडते, आणि धागे सुटायचे ते सुटतातच. सहा कळ्या म्हणजे अशा बारा कडा तुम्ही हौसेने तयार करणार होता! शिवाय काठाचे सहा तुकडे होऊन प्रत्येक जोडावर तो मोडला असता. काठाच्या साडीला कळ्या कापणं म्हणजे तयार रांगोळी झाडून पुन्हा काढायला बसणं.

आपल्या आज्या परकर शिवायच्या तसं करा. साडी आडवी धरायची: खालचा काठ पायाशी, साडीची लांबी तो घेर, आणि पन्हा, म्हणजे साडीची रुंदी, ती उंची. खाली काठाची किनार आयती बंद आहे, तिथे दुमड नको, शिलाई नको. अख्ख्या घेरात उभा जोड एकच. आणि साडी अशी आडवी झाली की लोंबणाऱ्या कापडाचं वजन येतं बाण्याच्या धाग्यांवर. बाणा सुती असला तर पथ्यावर पडेल म्हटलं ते यासाठी.

तुमच्या मापाचा हिशेब: दोन इंची पट्टा, म्हणजे खालचं कापड ३८ इंच, वर पाऊण इंच माया, म्हणजे शिलाईसाठी सोडलेली कड, एकूण पावणे एकोणचाळीस. पन्हा ४५-४६ इंच असेल तर वरून साधारण सहा-सात इंचांची पट्टी निघते आणि त्या पट्टीत वरचा काठ येतो. तो टाकायचा नाही, तोच कमरेचा पट्टा. घेरासाठी कंबरेच्या तिप्पट, १०२ इंच, अधिक जोडाला दोन. ते झाले १०४, म्हणजे पावणेतीन मीटरच्या आत. दिसायला एक इंच आणि आत दोन इंच, अशा चौतीस चुण्या बसतात. दोन-तृतीयांश कापड आत लपतं, म्हणून वर चिरेची काळजी करू नका म्हटलं. कापायला मात्र जमिनीवर आधी सुती चादर अंथरा, म्हणजे चंदेरी घसरत नाही. दुहेरी घडी घालून कापू नका. खुणेला मेणाचा खडू नको, तेलकट डाग राहतो. टाचण्या फक्त मायेत टोचा. मधोमध टोचलेली टाचणी जुन्या रेशमात भोक ठेवून जाते.

आता जोड-कापड, म्हणजे चंदेरीच्या मागे लावून तिच्याशी एक करायचं सुती कापड. मी याला अस्तर म्हणत नाही, कारण अस्तर पुढे वेगळं येणार आहे. तीन मीटर मलमल आणा, घट्ट विणीची, ओढणीची झिरझिरीत नको. ती रात्रभर पाण्यात, वाळवून इस्त्री. तुम्ही म्हणाल, हे कोण करत बसतं? मीही तेच म्हणाले होते. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला मी हौसेने टसरचा घागरा शिवला, आत नवंकोरं सुती कापड तसंच लावलं. पाडव्याला सगळ्यांनी कौतुक केलं. पुढच्या महिन्यात धुतला तर आतलं कापड दोन इंच आटलेलं आणि बाहेरचं टसर त्यावर पुरीसारखं फुगलेलं. सासूबाई काही बोलल्या नाहीत, नुसत्या हसल्या. तो घागरा उसवून मी उशांना अभ्रे केले.

मलमलीचा रंग ठरवायला घाई करू नका, कारण चंदेरीतून तो दिसणारच. दुकानात चंदेरीचा तुकडा घेऊन जा, चारपाच रंगांवर टाकून बघा आणि दाराबाहेर येऊन उजेडात बघा, ट्यूबलाइटखाली नव्हे. मोतियाखाली पांढरी घातली तर साडी होती तशीच दिसेल. फिकी गुलाबी घातली तर काठाचा राणी रंग अंगभर उतरल्यासारखा वाटेल आणि चालताना धूपछांव दिसेल. मी गुलाबीच घेईन. पण साडी आजीची आहे, तिच्या अंगावर होती तशी बघायची असेल तर पांढरी घ्या.

मलमल कंबरेपासून काठाच्या वरच्या रेघेपर्यंतच न्यायची. खाली चार इंच काठाला मागून साडीचा सुती फॉल, तोही आधी भिजवून वाळवलेला, हाताने टाचायचा. त्याने घेराला वजन येतं आणि जोडवी, पैंजण अडकून काठ फाटत नाही. मलमल आणि चंदेरी एकमेकींवर जमिनीवर पसरा, हाताने सपाट करा, आणि चारी कडांनी मायेच्या आत लांब धावदोरा घाला. दोन्ही कापडं टेबलावरून लोंबू देऊ नका, लोंबलेलं कापड खोटं माप सांगतं. मधल्या भागात दोन्ही एक व्हायला हवीत, नाहीतर चालताना वेगवेगळी हलतात. त्यासाठी दहा-बारा इंचांवर एकेका बुट्टीच्या मागे मलमलीकडून एक छोटा टाका घ्या, वर सुई काढायची ती जरीच्या आडोशाने. बाहेरून शोधूनही सापडत नाही. पातळ सुई, एकपदरी दोरा. हे काम दुपारभर चालतं, रेडिओ लावून बसा.

यानंतर तुमच्या हातात चंदेरी राहत नाही, एक जाडसर, शहाणं कापड येतं. तुम्ही रोज शिवता तसलं. कडांना झिगझॅग घाला, आता ती धरेल, कारण टाका मलमलीत बसतो.

मशीनने गिळलं, त्यात तुमच्या हाताचा दोष नाही. झिगझॅगच्या मशीनला सुईखालच्या पत्र्यात आडवी लांब फट असते, कारण सुईला दोन्हीकडे जायचं असतं. मऊ कापड सुईबरोबर त्या फटीत शिरतं. आजीच्या हातमशीनला एकच बारीक गोल भोक असतं, तिथे कापडाला शिरायला जागाच नाही. तेव्हा माळ्यावर साडी टाकायची नाही, तिथून मशीन खाली काढायची! दोन थेंब तेल, जुन्या फडक्यावर पाचपन्नास टाके, आणि ती तुमच्या नव्या मशीनपेक्षा हे काम सुबक करेल. शिवाय हाताने फिरवायची म्हणून टाका टाका जपून टाकता येतो. ती जाम झाली असेल तर नव्या मशीनवर सुई डाव्या टोकाला सरकवून सरळ शिलाई करा, म्हणजे कापडाला तीन बाजूंनी पत्र्याचा आधार मिळतो. सुई कोणत्याही मशीनला नवी, ११ नंबर, मिळाली तर ९. ब्लाऊज शिवून बोथटलेली सुई रेशमाचा धागा टोचत नाही, ओढते. इंचाला दहा-बारा टाके. शिलाईची सुरुवात एका चिंधीवर करा आणि तिथून न थांबता कापडावर या, म्हणजे पहिला टाका कापड ओढणार नाही. तरीही सरकलं तर खाली पतंगाचा कागद ठेवून शिवा आणि नंतर फाडून टाका. पांढराच घ्या. रंगीत कागदावर घामाचा हात पडला की रंग उतरतो, आणि तो मोतियावर बसला तर तुम्हाला मला पुन्हा पत्र लिहावं लागेल.

जोड डाव्या बाजूला येऊ द्या, वरचे आठ इंच उघडे. चेन लावू नका. पातळ कापड चेनमध्ये एकदा अडकलं की मंडपात सोडवत बसाल. हुक आणि टिचबटण पुरे. चुण्या पाडा, वर कंबरेला धावदोऱ्याने पक्क्या करा, आणि इथे मनाला आवर घाला: चुण्यांवर वरपासून खालपर्यंत कडक इस्त्री करायची नाही. साडी विरली कुठे? घडीवर. वर्षानुवर्षं त्याच रेघेवर मोडून रेशीम तिथे तुटलं. आपण इस्त्रीने चौतीस नव्या घड्या घातल्या तर आपणच चौतीस जागा विरायला दिल्या. वरच्या तीन इंचांवर हलकी इस्त्री, रेशमाच्या आकड्यावर, मध्ये सुती रुमाल, पाणी न शिंपडता. पाण्याचे थेंब चंदेरीवर डाग ठेवतात. खाली चुण्या मोकळ्या पडू देत, चंदेरीला उभं राहायला शिकवावं लागत नाही.

आता अस्तर. सॅटिनचा विचार सोडा. मांडवातल्या उकाड्यात ते पायाला चिकटतं, वर चटचट वीज धरतं. मी टू बाय टू, म्हणजे ब्लाऊजचं सुती कापड, घेते, सव्वादोन मीटर, तेही भिजवून. आत लेगिंग घालणार असाल तर सुती कापड त्यावर चढत राहतं, मग शांतून हे गुळगुळीत अस्तराचं कापड घ्या, ते घसरतं. अस्तर घेराचं नको, जाडी वाढते. दोन साधे तुकडे: वर १९ इंच, खाली ३५, उंची साडेअडतीस. पन्हा ३६चा असला तर बरोबर निघतात. दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच माया गेली की सीटला ४३ उरतात, तुमच्या ४०ला पुरे. खाली ६८चा घेर मिळतो, जिना चढायला अडत नाही. वर कंबरेला दोन इंच जास्त राहतात, ते मागे चार बारीक चुण्यांत जिरवा. खाली सव्वा इंच दुमडलं की अस्तर स्कर्टपेक्षा दीड इंच आखूड बसेल. ते खाली स्कर्टला कुठेही जोडायचं नाही, फक्त कमरेत. बऱ्याच जणी 'नीट बसावं' म्हणून खालून टाचतात. मग बसताना ताण येतो तो अस्तर आणि चंदेरी या दोघांच्या भांडणात, आणि फाटते ती चंदेरी. सुटं अस्तर तुमच्याबरोबर हलतं, वरचं आपल्या जागी डुलत राहतं.

सगळ्याचा मालक पट्टा. आत पॉपलीन आणि ताठपणासाठी बक्रम, वर ती काठाची पट्टी. माप ३४ अधिक दीड इंच एकावर एक चढायला आणि एक इंच मायेला. जेवणानंतरची कंबर मोजा, सकाळची नव्हे. पट्टा घट्ट झाला तर या कापडाचा दोरा तुटत नाही, शिलाईशेजारचे धागे सरकून जाळी पडते, आणि ती जाळी दुरुस्त होत नाही. अस्तर आत, चुण्यांचं कापड बाहेर, दोन्हींच्या उलट्या बाजू समोरासमोर, कमरेत एकदा कच्चं टाचून अंगाला लावून बघा. मग पट्टा बसवा. आतली कड हाताने टाचा.

कापलेल्या दोन कळ्या फेकू नका. त्यांच्यावर आधी सगळं करून बघा: मलमल जोडा, बुट्टीमागे टाका घ्या, आजीच्या मशीनवर टीप मारा, रुमाल ठेवून इस्त्री करा. सुईचं भोक दिसतंय का, जर काळवंडतेय का, ते तिथे कळेल. शिकून झालं की त्यांचा आईंना बटवा शिवा. राग लवकर जातो, असा माझा अनुभव.

स्कर्ट पुढे घरी धुवायचा नाही आणि हँगरच्या चिमट्यालाही लटकवायचा नाही. जुन्या सुती साडीत सैल गुंडाळून ठेवा, डांबरगोळ्या जरीला टेकू देऊ नका.

मार्गशीर्षाला वेळ आहे, पण मलमल मात्र उद्याच आणा. साबण न घालता साध्या पाण्यात रात्रभर बुडवा, पिळू नका, तशीच निथळत दोरीवर टाका. रंग सुटला तर पाणी स्वच्छ येईपर्यंत पुन्हा भिजवा.